डाव्या हाताची करंगळी

माझी बायको एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. आम्ही राहतो भिंगारला आणि तिची अंगणवाडी आहे पाच किलोमीटरवरच्या एका गावात. मी लष्कराच्या एका भांडारात नागरी कर्मचारी आहे. आलेल्या वस्तू मोजायच्या, नोंदवायच्या आणि नोंदवलेल्या पुन्हा मोजायच्या, हे माझं काम. पुन्हा मोजण्याची सवय घरीही येते, हे मला मान्य आहे. ती किती महागात पडू शकते, हे मला कळायला मात्र गेलं वर्ष उजाडावं लागलं.

गेल्या वर्षी पर्यवेक्षिका पदाची जाहिरात निघाली. सेविकांनाही अर्ज करता येत होता. वयाच्या अटीत बायको जेमतेम बसत होती. पुढची जाहिरात निघेपर्यंत ती बसणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे संधी ही एकच. परीक्षा संगणकावर, शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. हातात बासष्ट दिवस.

अभ्यासाचं साहित्य म्हणून कुणीतरी तिच्या मोबाईलवर तीनशे बारा पानांची एक फाईल पाठवली होती. ती मोबाईलवर ती पानं वाचायची आणि अडलेला शब्द कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायची. मग सवडीने कुणाला तरी विचारायचं. तीन दिवस मी हे बघितलं. चौथ्या दिवशी राहवलं नाही.

"अगं, हे काय चाललंय? शब्द लिहायचा, मग विचारायचा, मग पुन्हा ते पान शोधायचं. एका शब्दामागे किती वेळ जातो, मोजलंस का कधी?"

"नाही मोजला," ती म्हणाली. "अभ्यास करत होते."

मुलगी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली होती. मी तो पुसला, फाईल त्यावर घेतली आणि पहाटे साडेपाचला बायकोला समोर बसवलं. लॅपटॉपच्या बटणांवर अक्षरं सगळी इंग्रजी. मराठी शब्द टाइप करायला तिला सरासरी बेचाळीस सेकंद लागत होते, तेही शब्द छोटा असेल तर. म्हणून मी तिला दुसरा रस्ता दाखवला. शब्दावर माउसने दोनदा टिचकी मारायची, शब्द निळा होतो. डाव्या करंगळीने कंट्रोल दाबून धरायचं आणि सी, मग टी, मग व्ही. शेवटी एंटर. नवं पान उघडतं, शब्द तिथे जातो आणि नेट त्याचा अर्थ समोर ठेवतं. मला हे चार सेकंदांत जमतं. तिला पहिल्या दिवशी एकवीस लागले.

"सवयीने येईल," मी म्हणालो. "रोज वीस वेळा करायचं. पहिल्यांदा बघून, मग डोळे मिटून."

"डोळे मिटून? अहो, मी पर्यवेक्षिका होणार आहे की टायपिस्ट?"

पण केलं तिने. तिचा स्वभाव तसा आहे. बोलते आणि करते.

पहिला खरा शब्द शोधला तो 'पूरक आहार'. शब्द निळा झाला, बटणं बरोबर दाबली गेली, नवं पान उघडलं. शोधायच्या चौकटीत मात्र 'पूरक आहार' नव्हतंच. तिथे होती इंग्रजी अक्षरं, मध्ये एक डॉलरचं चिन्ह आणि एक अर्धा कंस. नेटने त्याच्यावरून परदेशातल्या मोटारींच्या सुट्या भागांची यादी दाखवली.

"तू काहीतरी चुकीचं दाबलंस."

"तुम्ही दाबून बघा."

मी दाबून बघितलं. डॉलर, कंस, मोटारी. सहा वेगवेगळे शब्द घेतले, सहाही वेळा तेच. तोपर्यंत साडेसहा वाजले होते आणि तिचा डबा व्हायचा होता.

त्या संध्याकाळी भिंगारच्या बाजारात एका टायपिंगच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाईंनी फाईल उघडून बघितली आणि त्या हसल्या. "काका, ही जुन्या फॉन्टमधली आहे. दिसायला मराठी, आतून सगळं इंग्रजी. डोळ्याला 'क' दिसतो, पण मशीनला तिथे काहीतरी वेगळंच लिहिलेलं आहे. सरकारी कागद पुष्कळ असेच असतात."

"मग काय करायचं?"

"बदलून घ्यायचं. नेटवरच बदलून मिळतं. थोडं थोडं टाकायचं, नव्या अक्षरांत बाहेर येतं. पण तपासून घ्या हं, मध्ये मध्ये गडबड होते."

तपासून घ्या, असं मला सांगायची गरज नव्हती. मी दहा-दहा पानं टाकत गेलो, बाहेर आलेलं मूळ पानाशी ओळीने ओळ ताडून बघत गेलो. पानामागे सरासरी सहा चुका निघत होत्या. तीनशे बारा पानं. मी रजा काढली नाही, सकाळ-संध्याकाळ बसलो. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत लॅपटॉप माझ्या ताब्यात होता. बायकोने काय केलं, तर त्याच दुकानातून सगळी फाईल कागदावर छापून आणली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून वाचली. मी फाईल तयार झाल्याचं सांगायला गेलो तेव्हा ती एकशे चाळिसाव्या पानावर होती.

"आता शोधून वाच," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

"पहिल्यापासून?"

"नुसतं वाचून काय उपयोग? प्रत्येक शब्द पक्का नको?"

शोध आता लागत होता. लागत होता म्हणजे फारच लागत होता. 'पूरक आहार' म्हटल्यावर दंड फुगवलेल्या तरुणांच्या प्रोटीन पावडरीचे डबे आले आणि त्यांच्या खाली गाभण गायींचं खाद्य. 'वृद्धी आलेख' म्हणजे बाळाचं वजन महिन्यागणिक मांडायचा तक्ता, तर नेटने शेअर बाजाराचे तक्ते दाखवले. 'गृहभेट' टाकल्यावर सोफा शिवून देणारे आले आणि घरी येऊन रक्त नेणारे आले. यांच्यातून नेमकी सरकारी व्याख्या असलेलं पान शोधायला एका शब्दामागे सरासरी सात मिनिटं जात होती. त्या पानावर आणखी तीन नवे शब्द असायचे. तेही निळे करायचे. एकदा मी वरच्या पट्टीत उघडलेली पानं मोजली, एक्केचाळीस निघाली. इतकी बारीक झाली होती की कुठल्या पानावर काय आहे, हे वाचता येत नव्हतं.

अकरा दिवसांत आमची एकोणीस पानं झाली. मी कागद घेतला. या वेगाने तीनशे बारा पानांना एकशे ऐंशी दिवस. शिल्लक होते पस्तीस. माझा सगळा राग तिच्यावर निघाला.

"तुझा वेग वाढायला पाहिजे. अजून आठ सेकंद लागतात तुला. मला चार लागतात."

तिने माउस बाजूला सरकवला. "आज कुठला शब्द आहे?"

"दंडघेर."

"सांगा मग. काय म्हणतंय नेट?"

मी वाचून दाखवायला लागलो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या बालकांसाठी...

"डावा हात," ती म्हणाली. "हात सैल सोडलेला. फीत घट्ट आवळायची नाही आणि ढिली ठेवायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा मध्यम, त्याच्यावर ठीक. महिन्याला चाळीस पोरांचे दंड मोजते मी. गेली कितीतरी वर्षं. तुम्ही मला ते सोफेवाल्यांच्या शेजारी शोधायला लावताय."

"तुला माहीत आहे, चांगलं आहे. पण माहीत असलेलंही एकदा ताडून बघावं. खात्री होते."

हे वाक्य मी घरात किती वेळा बोललो असेन, याचा हिशेब मात्र मी ठेवलेला नाही.

तिची धाकटी बहीण जामखेड तालुक्यात सेविका आहे. तीही याच परीक्षेला बसली होती. आठ वर्षांनी लहान, म्हणजे तिला अजून संधी होत्या. तिच्याकडे लॅपटॉप नाही, फाईल नाही, छापलेली पानंही नाहीत. रोज संध्याकाळी साडेसहाला तिचा फोन यायचा. बायको भाजी निवडता निवडता फोन स्पीकरवर ठेवायची आणि दोघी प्रश्न-उत्तरं करायच्या. माझा आवाज पलीकडे जायचाच.

"आक्का, दाजी काय मोजत्यात गं मागं?"

"माझी बोटं."

"दाजी, वं दाजी! बायकूला परीक्षेला बसवलंय का मिशनीवर कामाला लावलंय? आमी तर नुसतं तोंडानं शिकतोय, आमचं कसं हुनार?"

"नुसतं तोंडाने शिकून चालत नाही," मी आतून म्हणायचो. "आधार लागतो."

"आक्का हाय की आधाराला. तुमी चहा पिऊन घ्या."

त्यानंतर बायकोने एक नियम केला. दिवसाला पाचच शब्द शोधायचे, बाकी वाचायचं. मी कुरकुरलो, पण पस्तीस दिवसांचं गणित मलाच कळत होतं, म्हणून गप्प बसलो. मात्र बोटांचा सराव मी सोडू दिला नाही. पाच शब्द तर पाच, पण ते चार सेकंदांत. आणि बोटं खरंच शिकली. शेवटच्या आठवड्यात ती सहज साडेतीन सेकंदांत शब्द शोधायची. ती सकाळी पेपर वाचत असताना मी बघायचो, अवघड शब्द आला की तिची डावी करंगळी पेपरच्या कडेवर आपोआप वाकायची. मी हे भांडारातल्या दोघांना कौतुकाने सांगितलं होतं.

परीक्षेचं केंद्र नगरच्या बाहेर एका महाविद्यालयात होतं. सकाळी नऊची वेळ, साडेसातला हजर राहायचं. मी तिला स्कूटरवर सोडलं आणि फाटकाबाहेर थांबलो. बाहेर माझ्यासारखे पुष्कळ नवरे होते. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात डबा. एका गृहस्थाने मला विचारलं, तयारी कशी झाली. मी म्हणालो, चांगली झाली, पद्धतशीर झाली.

साडेदहाला परीक्षा संपली. बायका बाहेर यायला लागल्या. माझी बायको बाहेर आली ती सगळ्यांच्या मागून, चप्पल घासत. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

"आधी स्कूटर काढा. इथे नको."

भिंगारच्या अलीकडे एका रसवंतीपाशी तिने थांबायला सांगितलं. बाकावर बसली आणि मग बोलली.

"छत्तिसावा प्रश्न दंडघेराचा होता. तीव्र कुपोषित बालकाचा दंडघेर किती सेंटिमीटरपेक्षा कमी. चार पर्याय. साडेअकरा दुसऱ्या नंबरला होतं. मी बघितलं, मला ते दिसलं. माउस त्याच्यावर नेला. आणि तेवढ्यात हात गेला."

"कुठे गेला?"

"कुठे म्हणजे? डावा हात, कंट्रोलवर. कंट्रोल आणि सी."

मी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं.

"सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलं होतं, परीक्षा फक्त माउसने द्यायची, कीबोर्डचं कुठलंही बटण दाबलं तर पडदा बंद होईल. मी दोनदा वाचलं होतं. तरी हात गेला. पडदा पांढरा झाला आणि मधोमध लाल अक्षरांत आलं की पर्यवेक्षकांशी संपर्क साधा. हात वर करून बसले. एक मुलगी आली, आपल्या पोरीएवढी. म्हणाली, काकू, काय दाबलं? मी म्हटलं, चुकून हात गेला. ती म्हणाली, कॉपी करत होता का? सगळा वर्ग वळून बघायला लागला. मग ती पडदा उघडून देणारा माणूस शोधायला गेली. तो माणूस दुसऱ्या वर्गात. तो येऊन पडदा उघडेपर्यंत सात मिनिटं गेली. वरचं घड्याळ चालूच होतं."

"नंतर?"

"नंतर डावा हात मांडीखाली दाबून बसले. शेवटपर्यंत. अर्धं लक्ष त्या हातावरच. घाबरून दोन-दोनदा वाचत होते. शेवटचे नऊ प्रश्न उघडलेसुद्धा नाहीत."

रसाचे ग्लास समोर आले. ती प्यायली, मी नाही प्यायलो. माझ्या डोक्यात आकडे सुरूच झाले होते. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. सात मिनिटं म्हणजे पावणेआठ प्रश्न. मी तोंड उघडलं.

"पावणेआठ," ती म्हणाली. "आत बसूनच काढलं मी. तुम्ही नका काढू."

सव्वादोन महिन्यांनी यादी लागली. तिच्या बहिणीचं नाव होतं. तिचं नव्हतं. शेवटच्या नावापेक्षा तिला दोन गुण कमी होते, म्हणजे एक प्रश्न.

बहिणीचा फोन आला. स्पीकर चालू नव्हता, तरी पलीकडचं रडणं मला ऐकू येत होतं. बायको तिला रागवत होती. "रडतेस काय, येडे? पास झालीस ना? आता कपडे नीट घालून जा, पहिल्या दिवशी वेळेवर जा. मला काय झालंय? मी आहे तिथे आहे." फोन ठेवल्यावर ती पोळ्या करायला उठली. मी टेबलापाशी बसून अर्ज लिहायला घेतला. परीक्षार्थीची सात मिनिटं तांत्रिक कारणाने वाया गेली, घड्याळ थांबवलं गेलं नाही, तरी विचार व्हावा. दोन परिच्छेद, मुद्देसूद, वेळेच्या आकड्यांसकट. तिला वाचायला दिला.

तिने पिठाचे हात पुसून वाचला. "तांत्रिक कारण कुठलं?"

"पडदा बंद झाला ना."

"बंद झाला कारण मी बटण दाबलं. दाबू नका असं लिहिलेलं असताना. तुमच्या भांडारात कुणी लिहिलेली सूचना मोडली आणि वर असा अर्ज आणला, तर तुम्ही घ्याल?"

नसता घेतला. आजवर एकही घेतलेला नाही.

"मग?" ती म्हणाली.

मी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. ती पुन्हा ओट्याकडे वळली आणि पाठमोरीच बोलली, आवाज न चढवता.

"मला त्या बटणांचा राग नाही. बटणं चांगली आहेत, काही शब्द मला त्यांच्यामुळेच कळले. पण साडेअकरा मला माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तुम्ही दोन महिन्यांत मला असं करून ठेवलंत की माझ्याच डोळ्यासमोरचं उत्तर मला नेटला विचारून घ्यावंसं वाटलं."

मी म्हणालो, माझा हेतू चांगला होता. ती म्हणाली, हेतूचं कुणी काही म्हटलंय का? भाजी तेवढी ढवळा.

त्यानंतर काही दिवस मी तिच्यावर चिडलेलो होतो, हे लिहायला लाज वाटते. सूचना दोनदा वाचून हात जातोच कसा? वीस वेळा सराव म्हणजे वीस वेळा, मी काही परीक्षेत कर म्हणालो नव्हतो. भांडारात डब्यांची रास मोजताना माझा आकडा चुकला, तिसऱ्यांदा मोजावी लागली. तेव्हा लक्षात आलं की ही सगळी वाक्यं मी मनात तिला ऐकवत होतो आणि तिचं एकही वाक्य मला खोडता येत नव्हतं.

तिच्या भागाला नवी पर्यवेक्षिका रुजू झाली. सत्तावीस वर्षांची, पदवीधर, बाहेरच्या जिल्ह्यातली. भिंगारमध्येच भाड्याने राहते. एका रविवारी सकाळी ती फाईल घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम आहेत का?"

पर्यवेक्षिकेने सेविकेला मॅडम म्हणायचं, हे मला विचित्र वाटलं. बायकोला वाटलं नाही. तिने तिला पंख्याखाली बसवलं. मुलगी जरा घुटमळली आणि मग म्हणाली, "ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं यादीत कशी धरायची? सहा महिने घराला कुलूप. नाव ठेवावं की काढावं? तिकडे फडावर त्यांना आहार कोण देणार? मला कुणी नीट सांगेना."

"नाव काढायचं नाही," बायको म्हणाली. "नाव काढलं की परत आल्यावर ते पोर कुणाचंच राहत नाही." मग तिने वही ओढली आणि रकाने आखून दाखवायला लागली. गेलेल्यांचं वेगळं पान, कुठल्या कारखान्याकडे गेले ते, निघताना वजन किती होतं, तिकडच्या सेविकेला फोन केल्याची तारीख.

मी आतल्या खोलीत होतो. स्थलांतरित बालकांबद्दल नेमका नियम काय आहे, हे त्या तीनशे बारा पानांत कुठेतरी नक्की असणार होतं. लॅपटॉप माझ्यासमोर होता. झाकण उघडलंही होतं.

"अहो," बाहेरून हाक आली, "चहा टाका. तीन कप."

मी उठलो आणि चहा टाकला. बाहेर नेला तेव्हा दोघी वहीवर वाकून बसल्या होत्या आणि ती मुलगी बायकोचा शब्द न् शब्द उतरवून घेत होती, कुठेही न थांबता, काहीही न विचारता. बायकोने सांगितलं ते नियमात बसतं की नाही, हे मी अजून तपासलेलं नाही.